ऑफिसात मावशी म्हणायचं नाही

रविवार, ता. १४

प्रिय ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. भाऊजींचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. जिना चढू नका म्हणावं त्यांना. ऐकणार नाहीतच, पण म्हणावं.

अभिनंदनाबद्दल काय लिहू? तू अख्ख्या इमारतीला सांगून मोकळी झालीस म्हणे, ‘आमची धाकटी मोठी साहेबीण झाली!’ अगं बाई, जरा दम धरायचा होतास. महिन्यापूर्वी मी फोनवर सांगितलं तशी मला मोठी खुर्ची देऊ केली हे खरं. कोपऱ्यातली खोली, दोन खिडक्या, दारावर नावाची पाटी. पण मी त्या खुर्चीत बसलेली नाही. फोनच केला असता, पण तू दुसऱ्याच वाक्याला ‘माझ्या भिंगरीला दे’ म्हणतेस, म्हणून लिहायला बसले.

भिंगरी ठीक आहे. जेवते. मागच्या खोलीची खिडकी दुरुस्त करून घेतली, आता तिला वारं लागत नाही.

आमचं काम तुला ठाऊकच आहे. दुसऱ्या कंपन्यांचे हिशेब खरे की खोटे ते तपासायचं, आणि वर पैसे घेऊन त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या. देशोदेशी आमची ऑफिसं. गेल्या वर्षी वरून फर्मान आलं की अनुभवी माणसांनी तपासणी करताना मनात जे चालतं ते मोठ्यानं बोलायचं. कॉलरला बोटाएवढा माइक. नव्या मुलांना शिकवायला उपयोगी पडेल म्हणाले. मला काय, लहानपणापासून तू मला रेडिओच म्हणतेस! शेजारी प्रश्न विचारणारं कुणीतरी बसवा म्हणाले, तर मी भिंगरीचं नाव दिलं. दुसरं कुणाचं देणार?

तुझी लेक म्हणजे काय विचारतेस! ‘मावशी, पण का?’ ‘मावशी, हे तू स्वतः पाहिलंस?’ मी दर वेळी डोळे वटारायची, ‘ऑफिसात मावशी म्हणायचं नाही. मॅडम म्हण.’ ती जीभ चावायची आणि पुढच्याच प्रश्नाला पुन्हा मावशी. एकदा एका गोदामात खोक्यांची थप्पी मोजून झाली, मी सही करणार, तेवढ्यात ही म्हणते, ‘मावशी, खोकी मोजली, पण उघडली कुणी?’ उघडली. पुढच्या रांगेत माल आणि मागे सगळी रद्दी! त्या दिवशी माझी छाती अशी फुगली, जणू मीच तिला जन्म दिला. रागावू नकोस हं.

सोमवारी आम्हा सगळ्यांना मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. पडद्यावर अगदी वरचे साहेब, कुठल्याशा दुसऱ्या देशातून, लग्नाला आल्यासारखे हसत. म्हणाले, हा आपला नवा मदतनीस, संगणकातला. नव्याने लागलेल्या मुलांचं काम आता हाच करणार. मग नमुना दाखवला. एका गोदामाचे आकडे घातले. आकडे सरसर सरकले, थांबले, आणि हॉलभर आवाज घुमला, ‘मावशी, खोकी मोजली, पण उघडली कुणी?’

आवाज कुणा भलत्याच पुरुषाचा, गुळगुळीत. शब्द न् शब्द भिंगरीचा. हॉलमध्ये हशा पिकला, आमचे इथले मोठे साहेबसुद्धा पोट धरून हसत होते. मी मागे वळून पाहिलं. भिंगरी पण हसत होती गं! तिला आधी मजाच वाटली. मग शेजारच्या मुलीनं तिचा दंड धरून कानात काहीतरी सांगितलं, आणि पोरीचं तोंड पांढरं पडलं.

दुपारी मोठे साहेब मला ती कोपऱ्यातली खोली दाखवायला घेऊन गेले. ‘मदतनीस तुमचाच, आता सांभाळा तुम्हीच.’ खिडकीतून खालचं फाटक दिसतं. भिंगरी जेवून परत आली होती आणि कार्ड लावत होती. फाटक उघडेना. तिनं कार्ड ओढणीला पुसलं आणि पुन्हा लावलं. रोज तिची चेष्टा करणारा रखवालदार दुसरीकडे तोंड करून उभा होता. साहेब मला पडद्यांचा रंग कोणता हवा ते विचारत होते.

भिंगरीची नोकरी गेली, ताई. घ्या, लिहिलं एकदाचं. आणि ज्यानं घालवली त्याला आम्ही दोघींनीच त्या माइकसमोर शेजारी बसून बोलायला शिकवलं. आईशपथ सांगते, मला माहीत नव्हतं. आठवडा झाला, अजून विश्वास बसत नाही. भाजी चिरता चिरता मधेच हात थांबतो.

मी तिला म्हटलं, तुझ्या आईला फोन करू या. तर म्हणाली, ‘आईला इतक्यात सांगू नका.’ नका! मला!

खुर्चीचं काय, तर पहिलंच काम असं मिळालं: मदतनीसाच्या तोंडातून तो ‘मावशी’ शब्द तेवढा काढून टाका, बाहेरची गिऱ्हाइकं हसतील. शुक्रवारी मी साहेबांना सांगितलं, ‘तुमचं तुम्ही काढा. माझा हात त्याला लागणार नाही, आणि ती खोलीही मला नको.’ ते म्हणाले, तुम्ही दमला आहात, विचार करून सांगा. केला विचार. उद्या पुन्हा तेच सांगणार. मग जुनं टेबल तरी राहतं की नाही देव जाणे. तेव्हा इमारतीत जे सांगून आलीस ते परत घे बाई.

भिंगरी येत्या शनिवारच्या गाडीनं तुझ्याकडे येते आहे. दार तूच उघड. काय झालं, कसं झालं विचारू नकोस, आधी पोटभर झोपू दे.

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. भांडी आपटली असती, चार दिवस अबोला धरला असता, तेही सोसलं असतं. पण ती अगदी नीट वागते. आज सकाळी मी ओट्याशी उभी होते. ती दाराशी आली, आत पाऊल न टाकता थांबली आणि म्हणाली, ‘चहा ठेवू का, मॅडम?’

वर्षभर मीच घोकून घेतलं होतं ना? आता आलं पोरीला.

तुझी धाकटी,
जिला आता फक्त ते यंत्र मावशी म्हणतं