दोन विद्यापीठांचं साटंलोटं

अव्वा,

तू कशी आहेस? गुडघे दुखायचे थांबले असतील असं मी धरून चालते, कारण तिथं जिने चढायचं काही कारण नसावं. अप्पांचा दमा कसा आहे? त्यांना म्हणावं, तंबाखू सुटली असेल तर कळवा, नसेल सुटली तर नका कळवू. अज्जीला आता तरी ऐकू येतं का, की तिच्याशी अजून सगळ्यांनी ओरडूनच बोलायचं? आत्तीचं पित्त शमलं का? मामाच्या डोळ्याला बरं आहे ना? आणि ती दोघं नवराबायको आता तरी धड बोलतात का एकमेकांशी? नसतील बोलत, तर आता बोला म्हणावं. तुमच्या भांडणावर कुणाचं घर अवलंबून राहिलेलं नाही.

इथं आम्ही बरे आहोत. माझी साखर चढते, मी गूळ कमी करते, ती उतरते, मी परत गूळ खाते. असं आमचं चाललंय. लेकाचं शिरोलीतलं काम सुरू आहे, त्याची पाठ तेवढी धरते. सुनेचं ब्लडप्रेशर पोरीच्या परीक्षेबरोबर वर-खाली व्हायचं, ते सध्या वरच आहे, कारण पोर इथं नाही. तुझी पणती, माझी नात, कोरियात आहे. चीनच्या पलीकडं समुद्रात जीभ बाहेर काढल्यासारखा एक देश आहे, तो. नकाशात मला तिनंच दाखवला. हे तुला सांगायचं म्हणूनच आज कागद घेऊन बसले.

ती गेली कशी, तर करारानं. इथलं विद्यापीठ आणि तिकडचं विद्यापीठ यांनी कागदावर सह्या केल्यात. त्याला सामंजस्य करार म्हणतात. तुमची मुलं आमच्याकडं शिकतील, आमची तुमच्याकडं, फी ज्यानं त्यानं आपापल्या घरी भरायची, आणि तिकडं मिळवलेले मार्क इकडं धरायचे. नात अन्नशास्त्र शिकते, म्हणजे आंबवलेलं, खारवलेलं कसं टिकतं ते. तिनं मला हे समजावून सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हंजे साटंलोटंच की गं हे."

ती हसली. "अज्जी, साटंलोटं लग्नात असतंय."

"तेच की. तुमची पोर आमच्यात, आमची पोर तुमच्यात. कुणाचं कुणावर ओझं न्हाय."

अव्वा, मी हसत बोलले खरी. पण तुझ्यामाझ्या घरात तो शब्द कधी हसत उच्चारला गेला नाही.

आता थोडं मागं जाते. तू गडहिंग्लजकडची, अप्पा इथं कोल्हापुरात मंगळवार पेठेतले. तुला इकडं आणली, आणि अप्पांची बहीण, आत्ती, तुझ्या भावाला दिली. दोन्ही लग्नं एकाच मांडवात. तुझं आणि अप्पांचं कधी वाजलं असं मला आठवत नाही. तिकडं मात्र आत्तीचं आणि मामाचं जमेना. मी चौथीत होते. एका सकाळी आत्ती ट्रंक घेऊन दारात उभी राहते, रडून डोळे सुजलेले, मागं तिला पोचवायला आलेला मामा. तू चुलीपुढं बसलेली आहेस. माझी अज्जी, म्हणजे तुझी सासू, मामाला म्हणते, "आमची पोर परत आली. आता तुमची पोरबी तुमच्या घरी." अप्पा जमिनीकडं बघतायत. परातीत मळलेलं पीठ होतं, तेवढ्याच्या भाकऱ्या केल्यास, फडक्यात गुंडाळून ठेवल्यास, हात धुतलेस आणि मामाबरोबर एसटीत बसलीस. मी तुझ्याबरोबर नव्हते. लेकरं या घरची, असं अज्जीचं म्हणणं.

तू परत आलीस तोवर ज्वारी पेरून, काढून झाली होती. मामा आत्तीला न्यायला आला, ती गेली, म्हणून तू आलीस. मधल्या काळात भाकरी मीच थापत होते. आत्ती कोपऱ्यात बसून असायची आणि अज्जीला धूर सोसायचा नाही. शाळा सुटली ती सुटलीच. तू आल्यावरही कुणी परत घातलं नाही, वर्ग पुढं गेला होता. पुढचं वाचायला शिकले ती जिऱ्या-मोहरीच्या पुड्यांच्या कागदांवरून, हे तू बघितलंच आहेस. त्याचं मला वाईट वाटत नाही. अर्धी बातमी एका पुडीत आणि अर्धी दुसरीत, त्यामुळं चिकाटी अंगात मुरली. पण त्या दिवसांबद्दल तू एकदाच बोललीस, माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा. कुणीतरी साटंलोट्याचं स्थळ आणलं आणि तू म्हणालीस, "दोन बैलं एका दोरीनं बांधली की एकानं बसायचं म्हटलं तर दुसऱ्यालाबी बसावं लागतंय. माझ्या पोरीला न्हाय असल्या दोरीत." तेवढंच. आणि उठून पाणी आणायला गेलीस.

तर करार. आपली दोन-तीन पोरं तिकडं जाऊन आली, तिकडून मात्र इकडं कुणी येईना. कोल्हापूर कुठं आहे हे त्यांना काय ठाऊक. मग पालकांच्या सभेत विभागाच्या मॅडमनी सांगितलं, तिकडून कुणी आलं नाही तर आता आपल्यालाही पाठवता येणार नाही. नातीचं नाव यादीत पहिलं होतं. घरात सुतक पडल्यासारखं झालं. आणि आषाढात बातमी आली, एक मुलगी येतेय.

वसतिगृहात नळांचं काम निघालं होतं, म्हणून नात म्हणाली, आपल्या माडीवर राहू दे. आली. एवढीशी पोर, केस डोळ्यांवर. दारात चप्पल न सांगता काढली, पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि मला वाकून नमस्कार केला. सून म्हणाली, "आपल्या पोरींना हे सांगून सांगून तोंड दुखतंय." आपल्यात मासळीचा वास चालत नाही हे कळल्यावर तिनं तिच्याकडची कोबीची आंबवण बिनमासळीची घातली. लेकानं चाखली आणि म्हणाला, "हे तर कोबीला खर्डा लावलाय की." ती खर्डा नुसता खायची, अव्वा. नाक लाल व्हायचं, पण हात थांबायचा नाही. त्यांच्यातही भेटल्यावर आधी जेवलास का विचारतात म्हणे. त्यामुळं तिचं पहिलं मराठी वाक्य तेच झालं. सकाळी मी देवपूजेला बसलेली असायची आणि जिन्यातून आवाज यायचा, "अज्जी, जेवलीस काय?" अजून चहा नाही झाला आणि ही जेवण विचारते. दुसरं शिकली ते "व्हय की". पेठेतला भाजीवाला तिच्याशी मुद्दाम घासाघीस करायचा, ते "व्हय की" ऐकायला.

आता माझ्या हातून काय झालं ते ऐक. श्रावणात एकदा पोरी भाजी निवडत बसल्या होत्या. मी गमतीत नातीला म्हटलं, "हिला सांग, तू हितं टिकलीस तरच आमची पोर तिकडं जाणार. तवा पळून जाऊ नगंस." नातीनं इंग्रजीत सांगितलं. मी हसले, नात हसली. ती पोर हसली नाही. तिनं मान लववली, हो म्हणाली. आपल्याकडं मोठ्या माणसाची थट्टा थट्टेवारी जाते. तिनं ती आज्ञा म्हणून घेतली.

नवरात्राच्या सुमारास तिची भाकरी ताटात उरायला लागली. विचारलं की "बरं हाय". गच्चीवर फोन घेऊन बसायची, हळू बोलायची. नातीनं खोदून विचारलं तेव्हा कळलं, तिच्या बापाच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलंय. घरी आई एकटी, मासळीचं दुकान. नात म्हणाली, मग जा की. तर ती म्हणाली, "मी गेले तर तू अडकशील. अज्जीनं सांगितलंय."

नातीनं हे मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलं. माझे हात पिठात होते. अव्वा, परातीकडं बघितलं आणि मला तुझेच हात दिसले. माझ्या घरात, माझ्या शब्दानं, एक पोर दुसऱ्या पोरीच्या दोरीत अडकून बसली होती. आणि खोटं कशाला लिहू, तरीही मनात आलं, तिकडं मोठमोठे डॉक्टर आहेत, ऑपरेशन होईल नीट, आणि पोर आपण होऊन थांबते म्हणते तर थांबू दे. माझी नात मी सोडलेल्या चौथीपासून किती लांब पोचली होती, ते मलाच माहीत. त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. सुनेनं विचारलं, साखर वाढली काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या पोरीला चुलीजवळ बोलावलं. आता गॅस आहे, पण मी चूलच म्हणते. नातीला म्हटलं, मी बोलते ते तसंच सांग, गोड करू नको. "माझं चुकलं. ती गंमत होती. तू तुझ्या बापाकडं जा."

ती म्हणाली, "अज्जी, हिचं?"

"हिचं हिच्या नशिबानं हुईल. तू जा."

हे शब्द दुसरीकडं पोचवायचे होते माझ्या नातीलाच. ती मध्येच थांबली. तिचा चेहरा मी बघितला आणि मला वाटलं, आता ही म्हणणार, अज्जी, तू कोण ठरवणारी? पण तिनं सगळं सांगितलं, अगदी शेवटपर्यंत. मग मला मराठीत म्हणाली, "तिचं तिकीट काढते. पण मॅडमना तू भेट. मला न्हाय बोलता येणार." आणि माडीवर गेली. बराच वेळ खाली आली नाही.

मी गेले. चांगलं लुगडं नेसले आणि रिक्षा केली. मॅडम भल्या, खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहाआधीच विचारलं, "तुमची ती पोर घरी निघाली. बापाचं ऑपरेशन हाय. आता आमच्या पोरीचं जाणं कोण अडवणार, तुम्ही का ते?"

मॅडमना काही कळेना. "कोणीच नाही. का अडवतील?"

"साटंलोट्यात तसंच असतंय. एक माघारी आली की दुसरीलाबी माघारी जावं लागतंय."

मॅडम हसल्या नाहीत, हे मी त्यांचं मोठेपण समजते. त्यांच्या आईचं माहेर निपाणीकडचं, तुझ्या गावाच्या बाजूचंच निघालं, त्यामुळं साटंलोटं त्यांना ठाऊक. त्यांनी कपाटातून कराराचा कागद काढला, चष्मा लावला आणि मला एकेक ओळ मराठीत सांगितली. घरच्या आजारपणासाठी कुणालाही परत जाता येतं. उरलेला अभ्यास तिथून पुरा करता येतो. तिकडून कुणीतरी यायला हवं होतं, ती आली, ते भागलं; बाकी कोण किती आले, किती गेले, ते करार संपताना मिळून बघायचं, यंदा एक कमी तर पुढं एक जास्त. आणि मग म्हणाल्या, "अज्जी, करार दोन विद्यापीठांत आहे. या दोन पोरी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. एकीच्या जाण्यानं दुसरीचं काही तुटत नाही, तसं इथं स्पष्ट लिहिलंय."

मी म्हटलं, "परत एकदा वाचा."

त्यांनी परत वाचलं.

ती पोर गेली. बरोबर शेंगांची चटणी आणि धपाटी दिली. विमानतळावर बाटली काढून घेतात म्हणे, पण चटणीला कुणी हात लावला नाही. बापाचं ऑपरेशन नीट झालं. तिनं उरलेला अभ्यास तिथून केला आणि प्रयोगशाळेतलं राहिलेलं काम करायला ती जूनमध्ये परत यायचं म्हणते. माडी झाडून ठेवलीय. आपली नात तिकडं गेली तेव्हा स्टेशनवर तिला घ्यायला ती पोर आली होती, आणि तिच्याबरोबर तो बाप, छातीला शाल आवळून. त्यानं आमच्या पोरीची बॅग उचलायचा हट्ट धरला आणि दोघी पोरी त्याला रागं भरल्या. हे सगळं नातीनं फोनवर दाखवलं. तो माणूस फोनमधून मला वाकून नमस्कार करत होता, मी इकडून करत होते, आणि दोघांनाही थांबायचं कधी ते कळत नव्हतं.

विभागातून निघाले त्या दिवशी मी लगेच घरी आले नाही. बाहेरच्या कट्ट्यावर बसले, पदर तोंडाला लावला. रिक्षावाल्यानं विचारलं, "मावशी, काम झालं न्हाय काय?" मी म्हटलं, झालं बाबा, म्हणूनच. पण ते रडू नातीसाठी नव्हतं. तुझ्या वेळी असा एखादा कागद कुणी केला असता, त्यात ती एवढी एक ओळ कुणी घातली असती, तर तू परातीतलं पीठ संपवून उठली नसतीस, एवढंच डोक्यात घोळत होतं.

हे पत्र जायचं कुठं, ते मला माहीत आहे. कुठंही नाही. सुनेला मी सांगितलंय की लोणच्याचं प्रमाण लिहून ठेवतेय. पण इतकी वर्षं मनात धरलेली एक गोष्ट तुला सांगते. तू तेव्हा लवकर आली नाहीस, म्हणजे माहेरी तुला बरं वाटत असणार, आम्ही आठवत नसू, असं मला वाटायचं. तुझ्या शेवटच्या आजारपणातही मी पायाशी बसून तेच विचारणार होते आणि पाय चेपत राहिले. त्या पोरीचं ताटातलं उरलेलं बघितलं तेव्हा कुठं मला कळलं, लांब बसलेलं माणूस कसं जेवत असतं.

तरी तू स्वतः सांग. ज्वारी पेरल्यापासून काढेपर्यंत तिथं तू काय करत होतीस, कुणाशी बोलायचीस, पोटभर जेवायचीस की नाही, सगळं कळव. उत्तराला उशीर लावू नकोस, अव्वा. आता माझंही वय झालंय.