भुलीआधीची पेज

तीर्थरूप हौसामावशीस,

विजयदुर्गाच्या दिशेला तोंड करून, खाटेवर पडल्यापडल्याच, संचिताचा साष्टांग नमस्कार. (टाके आहेत, वाकता येत नाही. मनाने पुरती वाकले आहे असं समज.) तुझे गुडघे कसे आहेत? बांगडे नीट वाळतात ना? शिमग्यापासून तू माझा फोन कापतेस, म्हणून हे पत्र. आधी बातमी सांगते. मुलगी झाली, आणि मीही आहे.

इथे कुडाळकडच्या मोठ्या इस्पितळात भूल देणाऱ्या दिव्या मॅडम आहेत. लहानपणीच्या सांधेतापाने माझ्या हृदयाची झडप आखडली (तेव्हा उशाशी तूच बसली होतीस, तुला काय सांगायचं), म्हणून सिझरला मला एकदम भूल द्यायची नाही, असं त्यांनी समजावलं. रक्तदाब धाडकन खाली आला किंवा ठोके पळत सुटले तर जिवावर बेतायचं. त्यापेक्षा पाठीत बारीक नळी घालायची, औषध थोडं थोडं सोडायचं, आणि मी जागीच राहायचं. फक्त सकाळी पोटात काही नको.

ही अट माझ्या सासूबाईंनी प्राणपणाने पाळली. माझ्या नवऱ्याने, विनीतने, आणलेली बिस्किटं त्यांनी त्याच्या हातातून हिसकावली. नऊ वाजता मॅडमनी विचारलं तेव्हा मान ताठ करून म्हणाल्या, "काय एक खाऊक देवक नाय हां डाक्टरांनू! नुसती वायच पेज आणि भाजलेलो सुको बांगडो." मॅडम खालीच बसल्या. मीसुद्धा नर्सला छातीवर हात ठेवून 'कडकडीत उपाशी' असं सांगून मोकळी झाले होते. पेजेला जेवण कोण म्हणतं गो मावशी, तूच सांग! ऑपरेशन दुपारी तीनवर गेलं. डाक्टरीण एवढी शिकली पण पेज म्हणजे काय ते तिला ठाऊक नाही, असं सासूबाई तोवर साऱ्या वॉर्डाला सांगत होत्या.

तीन वाजता औषध सुरू झालं. आधी पाय गरम झाले, मग जड, मग माझे राहिलेच नाहीत. मॅडम डोक्याशी बसून म्हणाल्या, बोलत राहा, दम लागला तर मला लगेच कळेल. डोळे मिटले की छत जायचं आणि किनारा यायचा. तू वाळूत बांगडे उलटवत होतीस, माझ्याकडे पाठ करून. ऊन इतकं मऊ होतं की मला तुझा रागही येईना. भीती तर नावालाही नव्हती. मी तुझ्या पाठीशीच बोलत सुटले, आणि (हे मागाहून कळलं) चांगली मोठ्याने. शिमग्याला दिवस गेल्याचं सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मी तुका वाढवलंय ता मरताना बघूक नाय," आणि बोलणं तोडलंस, तेही सांगितलं. पोट उघडं असताना मोठे डॉक्टर विचारत होते, "मग?" मग पोर रडली. तू मान वळवणारच होतीस, तेवढ्यात नर्सने तिचा ओला गाल माझ्या गालाला लावला.

झडपेचं काम आता करून घ्यायचं, आणि दुसऱ्या मुलाचं नाव काढायचं नाही, असं मॅडमनी बजावलंय. मी हो म्हटलं.

तुझीच,
संचिता

ता. क. भीती नव्हती हे खोटं. टेबलावर चढताना वाटलं, मावशीचंच खरं झालं तर? तिला साधं विचारूनही आले नाही.

ता. क. दुसरा. त्या खोलीत जे ऐकलं गेलं ते इस्पितळभर झालंय. झाडूवाल्या बाईपासून मॅडमपर्यंत रोज सगळे विचारतात, मावशी आली का? मी सांगते, निघालीय, एसटी नांदगावला पंक्चर झालीय. चार दिवस झाले. आज मॅडम म्हणाल्या, मीच गाडी पाठवू का? मावशी, मला आता दुसरं काही सुचत नाही. पोरीला अजून तेल लावलेलं नाही, सासूबाईंना मी हात लावू देत नाही. ये गो.