पट्ट्याखालचा पांढरा रंग

बाबा, तुमच्याशी भांडायचं आहे म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की हे भांडण आता माझं एकटीचंच उरलं आहे, तरी ते मिटत नाही. घरात आपण कोंकणी बोलायचो आणि कागद पुढे आला की मराठी लिहायचो, म्हणून हेही मराठीतच. धारगळला हमरस्त्यालगत माझं घर आहे, त्याच्या वरच्या खोलीत बसले आहे. खालून अवजड गाडी गेली की खिडकीच्या काचा थरथरतात. समोर भिंतीला एका कुत्र्याचं चित्र टेकवून ठेवलं आहे, आणि उद्या सकाळी मला जनसुनावणीत बोलायचं आहे. कुत्र्याचा आणि सुनावणीचा काय संबंध, असं तुम्ही विचाराल. तोच संबंध मला बसू देत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, चित्रासमोर उभी राहते, परत येते.

तुमची मुलगी लोकांच्या कुत्र्यामांजरांची चित्रं काढून पोट भरते, हे ऐकून तुम्ही तपकिरीची चिमूट हातातच धरून हसला असता. शाळेतली चित्रकलेची नोकरी संपली तेव्हा किनाऱ्यावर भाड्याने राहणारी एक परदेशी बाई मेलेल्या मांजराचा फोटो घेऊन आली. तिचं पाहून दुसरी आली. आता दिल्ली-मुंबईहून येऊन मोरजी-मांद्र्याला घरं बांधलेले लोक मोबाईलवर फोटो पाठवतात. कुणाला कुत्र्याच्या अंगावर राजाचा पोशाख हवा असतो, कुणाला मांजरीच्या गळ्यात मोत्यांची माळ. मी नाही म्हणते. जनावर जसं होतं तसं काढीन, नाहीतर दुसरीकडे जा. गिऱ्हाईक रागावतं, जातं, आणि बहुतेक वेळा परत येतं. मेलेल्या जनावराचं खरं तोंड पाहावंसं वाटतंच माणसाला.

हा हट्ट तुमच्यामुळे आला. तुमच्याकडून नव्हे, तुमच्याविरुद्ध. नार्व्याची आपली चित्रशाळा आठवते आहे. चवथीच्या आधी घरोघरचे पाट आलेले असत, प्रत्येक पाटाच्या खाली खडूने घराण्याची खूण, आणि त्या त्या पाटावर त्या त्या घरचा गणपती. मी लहान होते. तुम्ही मला उंदीर दिले होते. सगळ्या गणपतींचे उंदीर माझे. घडवायचे मी, रंगवायचे मी. त्या वर्षी भाटकाराच्या गणपतीपाशी मी जो उंदीर बसवला तो आपल्या तांदळाच्या पिंपामागे राहणारा होता: हडकुळा, एका कानाचा तुकडा उडालेला, मान वळवून दाराकडे बघणारा. मला वाटलं होतं तुम्ही पाठ थोपटाल. भाटकाराचा माणूस पाट न्यायला आला आणि वाकून बघत म्हणाला, "हो कसलो रे उंदीर? भाटकाराच्या घरांत उंदीर उपाशी मरतात, अशें सांगता तुजें चेडूं?" तुम्ही हसलात, त्याच्याबरोबर हसलात. मग ओली माती लावून त्याचं पोट गोल केलंत, कान पुरा केलात, तोंड गणपतीकडे वळवलंत, वरून सोनेरी रंग दिलात. माझ्याकडे न बघता म्हणालात, "बाये, गिरायक मागता तें ताका दिवप. तुजें खरें तुज्या घरांत दवर."

घर कुठे होतं आपलं, बाबा? भाटकाराच्या जमिनीवर. हे कळायला मला पुढे कूळकायद्याच्या सभा ऐकाव्या लागल्या, पुस्तकं वाचावी लागली. तुम्ही भीत होता आणि त्या भीतीला रीत म्हणत होता. हे मी तुमच्या तोंडावर म्हटलं असतं, पण तेव्हा शब्द नव्हते. शब्द आले ते साखळी गावच्या सभेत, पहिल्यांदा व्यासपीठावर चढले त्या दिवशी. तुम्ही समोरच्या चहाच्या दुकानात उभे होता, आत यायला तयार नव्हता. घरी येताना एवढंच म्हणालात, "आवाज बरो आसा. पूण तुज्या भाशणांत कोणाकूच श्वास घेवंक मेळना." मी आठवडाभर बोलले नाही तुमच्याशी. अजूनही लोक म्हणतात, बाईंच्या भाषणात श्वास घ्यायला मिळत नाही. ते कौतुकाने म्हणतात.

आता या कुत्र्याचं. डिचोलीच्या अंगाला एक खाणवाला आहे. त्याच्या खाणीखालच्या वाड्यावर विहिरींचं पाणी लाल येतं, बायका ते फडक्यातून गाळतात आणि फडकंच लाल होतं. त्याला खाण आणखी वाढवायची आहे, उद्याची सुनावणी त्यासाठी. मी त्याच्याविरुद्ध इतक्या वेळा बोलले आहे की त्याचा चेहरा माझ्या ओळखीचा आहे, पण फक्त दुरून, वरून खाली बघताना दिसतो तसा. तो मागच्या महिन्यात माझ्या जिन्यावरून वर आला. धापा टाकत उभा राहिला, हातात फोटोंचं पाकीट.

"बाई, म्हजो सुणो गेलो. चित्र जाय."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत आहे ना, मी कोण?"

"म्हायत ना आसतलें? म्हजेर उलयतात तें उलयात, ताचें म्हाका कांय ना. पूण म्हज्या सुण्यान तुमचें कितें केलां?"

माझं भांडण त्याच्याशी, त्याच्या कुत्र्याने माझं खरंच काय केलं होतं? शिवाय तो कुत्रा मला माहीत होता. मोर्चा घेऊन आम्ही खाणीच्या गेटवर गेलो होतो, पोलीस आत, आम्ही बाहेर, आणि हा बाहेर येऊन आमच्या फलकाच्या सावलीत पाय ताणून झोपला होता. बायका हसल्या होत्या: बघा, मालकापेक्षा कुत्र्याला अक्कल. मी पाकीट ठेवून घेतलं.

फोटो पसरले तेव्हा अडचण कळली. तो म्हणाला होता, सुणो धवो, दुधासारखा. एकाही फोटोत तो पांढरा नव्हता. कानापासून शेपटीपर्यंत खाणीच्या मातीचा रंग, विटकरी, पोटाकडे गडद, पाठीवर फिका. फक्त एका फोटोत मान वळवताना गळ्यातला पट्टा सरकला होता आणि त्याच्या खाली बोटभर पट्टी दिसत होती, पांढरीशुभ्र. मी तो जसा दिसतो तसा काढला, लाल. आणि पट्ट्याखाली ती पट्टी.

काम अर्ध्यावर असताना वाड्यावरची माझी मैत्रीण सुनावणीचं ठरवायला आली. जिच्या विहिरीपासून हे सगळं सुरू झालं तीच ही. चित्रासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"हो ताचो सुणो न्हय गो?"

"त्याचाच."

"मगीर आतां ताचे ट्रकूय काड. हार घालून काड, दसऱ्याक आसतात तशे." मग माझ्याकडे वळली. "लोक कितें म्हणटले, चिंतलां तुवें?"

विचार केला होता. लोक म्हणतील बाई विकली गेली. मी तिला म्हटलं, रंग बघ. तिने बघितलं. चहा न घेता गेली. दारातून मात्र म्हणाली, "सुनावणीक वेळार यो. आनी आवाज व्हडल्यान काड, फाटल्यांक आयकूंक येना."

काल खाणवाला चित्र न्यायला आला. चित्रासमोर उभा राहिला. मी भांडायच्या तयारीत होते, सगळे मुद्दे तोंडपाठ.

"हो तांबडो कित्याक केला?"

"तुम्हीच दिलेले फोटो आहेत."

"न्हाणयल्यार धवो जातालो. हांवूच न्हाणयतालों, दर आयतारा. हातान."

"आणि किती वेळ पांढरा राहायचा?"

तो चित्राजवळ गेला आणि पट्ट्याखालच्या त्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. रंग ओला होता, मी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं.

"गेटीमेरेन," तो म्हणाला.

मग खुर्चीवर बसला, पाणी प्याला, बोटाला लागलेला रंग रुमालाला पुसत म्हणाला, "हांगाच आसूं दी. मागीर व्हरतां." आणि चित्र इथेच ठेवून गेला.

बाबा, तेव्हापासून मला स्वस्थता नाही. फाटकापर्यंत. त्याच्या स्वतःच्या हाताने न्हाऊ घातलेला कुत्रा त्याच्या स्वतःच्या फाटकापर्यंत पांढरा राहायचा. इतकी वर्षं मी जे सांगण्यासाठी घसा फोडते ते या माणसाने एका शब्दात सांगितलं. उद्या तो पुढच्या रांगेत बसलेला असेल, अधिकारी बसलेले असतील, आणि हा शब्द मी उच्चारला तर त्यानंतर कुणाला काही बोलायला उरणार नाही. पण तो त्याने सभेत दिलेला नाही. माझ्या घरात, मेलेल्या कुत्र्यासमोर, खुर्ची शोधत असताना दिला आहे. गप्प राहिले तर वाड्यावरच्या बायकांचं काय? त्यांच्या विहिरी माझ्या सभ्यपणाने निवळणार आहेत का? आणि बोलले तर उद्या कोण या जिन्यावरून आपलं मेलेलं जनावर घेऊन वर येईल?

तुमचं उत्तर मला माहीत आहे. तुजें खरें तुज्या घरांत दवर. नाही, बाबा. ज्याचं घर दुसऱ्याच्या जमिनीवर आहे त्याने खरं घरात ठेवायचं, म्हणजे भाटकाराकडेच गहाण ठेवायचं. हे मी तेव्हाही मानलं नाही, आताही मानत नाही. पण चोरूनही घेणार नाही. म्हणून मघाशी त्याला फोन केला. म्हटलं, तुम्ही काल जे म्हणालात ते मी उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुम्हाला आधी कळवते.

मला वाटलं, तो फोन आदळेल.

"सांगात," तो म्हणाला. "म्हजें नांव घेयात. ताचें घेवं नाकात."

घेणार नाही. कुत्र्याचं नाव इथेही लिहीत नाही.

तेव्हा उद्या मी बोलणार आहे, मोठ्याने, मागच्यांना ऐकू जाईल असं. आणि त्या शब्दानंतर जरा थांबणार आहे, श्वास घेऊ देणार आहे. हे तुमचं ऐकून नाही, असं म्हणायचं होतं. तसंच राहू दे.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि घरात ठेवलं तर मुलं वाचतील; दुपारी रंगाच्या चिंध्यांबरोबर जाळून टाकीन. त्याआधी एक सांगते. फोन ठेवल्यावर मी लहान कागद घेतला आणि कुत्र्याला पांढरा काढला. नुकताच न्हाऊन अंग झटकणारा, उन्हात. खाणवाल्याने मागितलेला नाही. सुनावणीच्या आधी देता येणार नाही, दिला तर ती किंमत ठरेल. नंतर देईन की नाही, तेही ठरलेलं नाही. पण काढताना, बाबा, मला फार बरं वाटलं.