मावशीची कावीळ

ती. आईस, सुरतेहून पूजाचा नमस्कार.

मी बरी आहे, जेवण जातं. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहितेय.

डेंग्यूत किडनीला मार बसला. शेजारच्या खाटेवरची बाई पूर्ण बरी झाली, माझ्या किडनीवर मात्र व्रण राहिले. डॉक्टर म्हणाले, काही घराण्यांच्या रक्तातच हे असतं, किडनी लवकर म्हातारी होते. तुमच्यात कुणाला होतं? मी छातीठोकपणे नाही म्हणाले. नवसामावशी काविळीने गेली, हेच तू सांगत आलीस ना! काल मामा बोलला, तिच्या किडन्याच गेल्या होत्या. माझं स्थळ मोडू नये म्हणून मलाही फसवलंस?

आता धाकट्या सुवर्णाला बघायला घोटीचे पाहुणे येतायत. त्यांना सांगायचं की नाही ते तू बघ, पण तिला आजच सांग.

आणि तुझे पाय अजून सुजतात का? या वेळी खरं लिही.

तुझीच,
पूजा