मत्स्यविज्ञान, पहिलं वर्ष

३ जून
फोन उशीखाली घातला, तरी वाजत राहिला. शेवटी उचलला. बँकेची बाई. आवाज फार मृदू. म्हणाली, सर, शिक्षणाच्या कर्जाचे हप्ते थकलेत, काय ठरवलंत? मी म्हणालो, विचार चालू आहे. परवाही तिने हेच विचारलं होतं. इतक्या आस्थेने घरचंही कोणी चौकशी करत नाही.
संकल्प : या महिन्यात कर्जाचा निकाल लावायचा. त्यासाठी फाइल आणली. निळी.

५ जून
ताईकडे जेवायला. भाचीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. फी ३१ जुलैपर्यंत. भाऊजी गेल्यापासून घर ताईच्या शिवणकामावर, तेव्हा कर्जाशिवाय इलाज नाही. पण माझ्या कर्जाला जामीन ताईच आहे. माझे हप्ते थकलेले असताना भाचीच्या कर्जाला बँक तिची सही घेणार नाही. हे मीच तिला नीट समजावून सांगितलं. या विषयात घरात माझ्याइतका अनुभव कोणाला नाही.
ताईने कपड्यांच्या घडीखालून पैसे काढले. म्हणाली, उद्याच्या उद्या भर आणि पावती मला दाखव. भाची म्हणाली, मामा, मी येऊ का बरोबर? मी म्हणालो, बँक काय मी आज पाहतोय?

६ जून
बँकेत जेवणाची सुट्टी. बाहेर बाकावर बसून विचार केला. थकलेले हप्ते भरले तरी पुढचे आहेतच. नळ गळतो आहे आणि आपण फरशी पुसतो आहोत. मुळाला हात घालायला हवा. मी शिकत होतो तेव्हा बँकेने कधी चकार शब्द काढला नव्हता. म्हणजे पुन्हा शिकायला लागायचं. इतकं सोपं कोणाला सुचलं कसं नाही?

७ जून
विद्यापीठात प्रवेश घेतला. मत्स्यविज्ञान पदविका, दोन वर्षं. मासे मला आवडत नाहीत, पण त्या खिडकीपुढे रांग नव्हती. ताईचे पैसे फीला बरोबर पुरले. वर चहापुरते उरले. पावती फाइलमध्ये.
ताईला फोन करून सांगितलं, काम झालं. ते झालंच आहे.

१५ जून
ओळखपत्राची प्रत बँकेला पाठवली. बाईचा फोन. म्हणाली, सर, ज्या शिक्षणासाठी कर्ज घेतलं तेवढ्यालाच हप्ते थांबवायची सवलत असते. मी विचारलं, हा नियम केला कोणी? म्हणाली, मला फक्त फोन करायला सांगितलंय, सर. तिच्यावर वरून दबाव दिसतो.
फी परत मिळते का ते विचारायला गेलो. खिडकीतला कारकून म्हणाला, मुदत काल संपली. वर म्हणाला, एवढं काय वाईट आहे माशांत?

२ जुलै
विद्यापीठात गरजू विद्यार्थ्यांसाठी मदतनिधी आहे. मी आता गरजूही आहे आणि विद्यार्थीही. अर्ज आणला. वयाची अट पंचवीस, मी चौतीस. अपवाद करावा म्हणून पत्र लिहायला घेतलं. तीन पानं झाली, अजून मुद्द्यावर आलो नाही.
भाचीचं कॉलेजही याच विद्यापीठाचं, तेव्हा तिच्यासाठीही अर्ज आणावा असं मनात आलं होतं. पण एकाच घरातून दोन अर्ज गेले तर जोर कमी पडतो.

८ जुलै
भाची खोलीवर आली. आईने पावती मागितली आहे, म्हणाली. मी म्हणालो, बँकेची सिस्टिम अपडेट व्हायला वेळ लागतो. ती जरा जवळ सरकली. मग म्हणाली, मामा, तुझ्या शर्टाला मासळीचा वास येतोय.
प्रॅक्टिकल होतं.

१९ जुलै
निधीची मुदत संपली. पत्राचा शेवट मनासारखा जमला नव्हता.

२० जुलै
डोकं दुखतंय. वर्गाला दांडी.

२४ जुलै
ताई आणि भाची बँकेत जाऊन आल्या. तिथल्या साहेबाने स्क्रीन वळवून माझा आकडा दाखवला. ताई तिथून सरळ माझ्या खोलीवर आली. भाची जिन्यातच थांबली. मी सवलतीची कल्पना सांगायला सुरुवात केली. ताई म्हणाली, पैसे कुठे आहेत तेवढं सांग. मी फाइल दिली. तिने पावती वाचली, पुन्हा वाचली. मत्स्य म्हणजे मासेच ना रे, तिने विचारलं. मी हो म्हणालो.
तिने पावती परत फाइलमध्ये ठेवली. उठताना माझ्या शर्टाकडे बघून म्हणाली, बटण तुटलंय, काढून दे, लावून ठेवते.
म्हणजे फार रागावलेली नाही.

३१ जुलै
फी भरायची मुदत संध्याकाळी पाचला संपली. मी दिवसभर अभ्यास केला. माशाला पापण्या नसतात. झोपला तरी डोळे उघडेच.
बँकेतून आता पुरुषाचा फोन येतो. तो सर म्हणत नाही.
संकल्प : भाचीचं पुढच्या वर्षीचं सगळं मी बघणार. तिला तसं कळवलं. तिचं उत्तर आलं, बरं.

१ ऑगस्ट
सकाळी शर्ट आणायला ताईकडे गेलो. खोलीत शिवणाचं दुसरं मशीन आलं आहे, भाड्याचं. त्यावर भाची बसली होती. बटण तिनेच लावलं होतं. पक्कं बसलं आहे.