ओला गिलावा

तीर्थरूप बाबांना नमस्कार. साष्टांग घालायला अजून मन तयार होत नाही.

मी बरा आहे. वेळेवर जेवतो, परांचीवर चढताना कमरेला दोर बांधतो. तुमचा गुडघा कसा आहे? ताई तेल लावून देते ना?

तिनेच परवा फोनवर रडत रडत सगळं सांगितलं. त्या सकाळी आईने दोनदा मला फोन लावायला सांगितला आणि तुम्ही म्हणालात, "त्याचा गिलावा ओला असेल, संध्याकाळी लावू." दुपारी आई गेली.

तुमचं चुकलं तरी कसं म्हणू? गिलावा ओला आहे तोवरच रंग भिंतीत मुरतो, तेवढ्या वेळात आभाळ कोसळलं तरी खाली उतरायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या दिवशी रंगवलेला चित्राचा तुकडा सबंध भिंतीत सरस उतरला होता. मिस्त्री तर बघतच राहिला.

आज मी तो तुकडा छिन्नीने खरवडून काढला. मिस्त्री खालून ओरडत होता, ओरडू दे. उद्या नवा गिलावा लावून पुन्हा रंगवीन. तितका चांगला होणार नाही, पण होईल. भिंतीचं तेवढं बरं असतं, बाबा, पुन्हा करता येते.

गोळ्या चुकवू नका.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
तुमचा मुलगा