वरचं कपाट कापू नकोस

अर्विड,

जेवून तुझा डोळा लागला होता, म्हणून उठवलं नाही. हरणाचं मांस वितळायला लागलंय, ते घेऊन बहिणीकडे, डोरीनकडे निघाले आहे. तिच्या फ्रीजरमध्ये जागा आहे. आपला नवा फ्रिज बैठकीतच चालू करून ठेवलाय, पण तो गार व्हायला वेळ लागेल. दूध, लोणी मागच्या दाराशी बर्फाच्या पेटीत आहे. सूप मी आल्यावर गरम करीन, तू शेगडी लावू नकोस.

आणि फ्रिजच्या जागेवरच्या कपाटाला हात लावू नकोस. तुझं माप चुकलेलं नाही रे. गेल्या वर्षी जुना फ्रिज न हलवता तू त्याच्या भोवतीनंच नवी लाकडी जमीन घातलीस, म्हणून तो खड्ड्यात उभा होता. नवाही त्या खड्ड्यात मावतो, पण कडेवरून आत ढकलताना वर कपाटाला अडतो. जमिनीच्या पुढच्या दोन फळ्या काढल्या की झालं. कपाटं तू स्वतःच्या हातानं केलीस, ती कशाला कापायची?

फ्रिज आणणारी पोरं तुला हसत नव्हती. "ही जमीन कुठल्या गाढवानं घातली?" असं तू विचारलंस, तेव्हा, ती तूच घातलीस हे मी आधी सांगितलेलं असल्यामुळे, त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मीही हसले. त्यांच्यासमोर दुसरं काय करणार होते?

पोचल्यावर फोन करते. उचल, आणि कोण बोलतंय म्हणून विचारू नकोस.

मार्लिस

गॅरेजमध्ये करवत शोधत बसू नकोस. ती माझ्या गाडीत आहे.